गाठ गेली, फाईल मिटली

सरकारी नोकरीत माणूस हजारो सह्या करतो आणि त्यांतील बहुतेक विसरून जातो. काही थोड्या मात्र मनात रुतून बसतात. अशाच एका सहीविषयी आज लिहायचे आहे. ती सही माझी होती आणि ती चुकीची होती, हे आरंभीच सांगून टाकतो.

उत्तर भारतातील एका कार्यालयाचा मी प्रमुख होतो तेव्हाची ही गोष्ट. आमच्या एका वाहनचालकाला खालच्या जबड्याचा कर्करोग झाला. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, वीस वर्षांची तंबाखूची सवय. शस्त्रक्रियेत जबड्याचे डावीकडचे हाड दाढांसकट काढावे लागले, पायातील एक बारीक हाड काढून त्या जागी बसवण्यात आले आणि पुढे तीस वेळा शेक देण्यात आला. किरणोपचाराला आपल्याकडे रुग्ण शेक म्हणतात, उत्तरेत सिकाई म्हणतात. हा सारा खर्च कार्यालयाने विनातक्रार मंजूर केला. वर्ष-दीड वर्षाने त्याचा नवा अर्ज आला. जबड्यात इम्प्लांट रोवून त्यांवर दात बसवावेत, असा सल्ला रुग्णालयाने दिला होता आणि त्या खर्चाला पूर्वमंजुरी हवी होती. खालून टिप्पणी आली, "मूळ आजाराचा उपचार पूर्ण झालेला आहे. दंतरोपण हा सौंदर्यवर्धक उपचार असल्याने खर्च अनुज्ञेय नाही." लेखाधिकाऱ्यांनी त्याखाली सही केली. मी "सहमत" असे लिहून सही केली. त्या दिवशी माझ्या टेबलावर चाळीसेक फायली होत्या.

काही महिन्यांनी एका सहकाऱ्याच्या निवृत्तीनिमित्त कार्यालयात जेवण होते. पुऱ्या, छोले, कोशिंबीर असा बेत होता. हे गृहस्थ मात्र खाली गाडीत बसून होते. "जेवला नाहीत?" मी विचारले. ते म्हणाले, "साहेब, मी घरीच जेवतो. चारचौघांत जेवता येत नाही." मग थोडे थोडे करून कळले ते असे. पोळी दुधात कुस्करून, भाजी मिक्सरमधून काढून जेवायचे. एका जेवणाला तासभर लागायचा. घास एका बाजूने ओघळायचा, म्हणून मुलांसमोरही बसायला संकोच वाटायचा. दोन वर्षांत त्यांनी काहीही चावून खाल्ले नव्हते. बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. नकाराचे पत्र त्यांना मिळाले होते आणि त्यावर सहमती कोणाची होती, हेही त्यांना ठाऊक होते.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांशी बोललो, नियम वाचले, इतर देशांत काय करतात ते पाहिले. त्यातून माझे जे मत बनले ते असे की, जबड्याच्या कर्करोगानंतर पुन्हा चावता येणे हा त्याच उपचाराचा शेवटचा टप्पा आहे. सौंदर्याशी त्याचा संबंध लावणे हे अज्ञान आहे. आणि आपल्या योजनांनी व नियमांनी हे अज्ञान छापून ठेवलेले आहे.

प्रथम हा प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. पुरुषांमध्ये हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. कारण सर्वांना माहीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात असे आढळले, आणि धूररहित तंबाखूचे प्रमाण त्यात २१.४ टक्के होते. तंबाखू वा गुटखा आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत धरून ठेवतात. गाठही बहुधा तिथेच उठते. हिरडीखाली लगेच जबड्याचे हाड असल्याने गाठीबरोबर हाड कापणे अनेकदा अटळ होते. म्हणजे जबडा आणि दात गमावणे हा या रोगातील अपवाद नसून नित्याचा भाग आहे.

आता किरणोपचाराचे पाहू. गाठीच्या पेशी मारणारे किरण वाटेतील निरोगी ऊतींनाही सोडत नाहीत. लाळग्रंथी कोरड्या पडतात. लाळ नसली की उरलेले दात काही महिन्यांत मुळाशी किडू लागतात. तोंड उघडणारे स्नायू आखडतात. सर्वांत गंभीर परिणाम हाडावर होतो. त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात, पेशी कमी होतात, जखम भरून काढण्याची त्याची शक्ती ओसरते. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्याला हा धोका अधिक असतो. अशा हाडातील एखादा दात उपटला तर खड्डा भरत नाही, हाड उघडे पडते आणि कुजते. तीन-तीन महिने न भरणारी ही जखम काही रुग्णांत इतकी वाढते की जबड्याचा आणखी भाग कापावा लागतो. ही भीती वर्षा-दोन वर्षांत संपत नाही. ती रुग्णाला जन्मभर बाळगावी लागते.

"मग साधी कवळी का बसवत नाहीत?" हा प्रश्न मला वित्त शाखेतील एका अधिकाऱ्याने विचारला होता, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर यांत्रिक आहे. कवळी दोन गोष्टींच्या आधारावर टिकते. एक, हिरडीचा उंचवटा. दुसरी, लाळेचा पातळ थर. शस्त्रक्रियेने उंचवटा नेलेला असतो. त्या जागी मांडीची वा पायाची मऊ कातडी असते. किरणोपचाराने लाळ नेलेली असते. कोरड्या, नाजूक त्वचेवर घासणारी कवळी जखमा करते, आणि किरणोपचार झालेल्या तोंडात जखम म्हणजे काय हे वर सांगितलेच आहे. अनेक रुग्णांना साधी कवळी वा टाळूचे छिद्र बुजवणारा कृत्रिम पडदा पुरतो, आणि ज्यांना पुरतो त्यांना तोच द्यावा. परंतु ज्यांच्या तोंडात कवळी बसायला जागाच उरलेली नाही, त्यांच्यासाठी हाडात रोवलेला टायटॅनियमचा खुंट हाच आधार असतो.

या खुंटाची जन्मकथा आपल्या लेखाधिकाऱ्यांना अवश्य सांगावी अशी आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना १९५० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगशाळेत आढळले की टायटॅनियम जिवंत हाडाशी एकरूप होऊन जाते. १९६५ मध्ये त्यांनी प्रथमच एका माणसाच्या जबड्यात असे खुंट बसवले. त्या माणसाचे नाव गोस्टा लार्सन. हा कोणी हसरा चेहरा हवा असलेला धनिक नव्हता. त्याच्या जबड्यात जन्मतःच दोष होता, खालचे दात नव्हते, खाणे आणि बोलणे दोन्ही कठीण होते. पुढे चाळीस वर्षे, म्हणजे २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते दात त्याने वापरले. या शोधाचा पहिला लाभार्थी विकल जबड्याचा माणूस होता. जाहिरातींतले शुभ्र हास्य पुष्कळ नंतर आले. आपल्या नियमांनी मात्र जाहिरात पाहून व्याख्या केली.

किरणोपचार झालेल्या हाडात हे खुंट टिकतात का? निरोगी हाडाइतके नाही. अपयशाचे प्रमाण अधिक आहे, हे सर्व अभ्यास मान्य करतात. परंतु बहुसंख्य टिकतात, हेही तेच अभ्यास सांगतात. त्यासाठी रुग्णाची निवड काटेकोर लागते, तंबाखू पूर्ण सुटलेली लागते, आणि किरणोपचारानंतर बहुधा सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते, कारण रोग परतत नाही ना हे पाहायचे असते. उच्च दाबाच्या कक्षात शुद्ध प्राणवायू दिल्याखेरीज असे काही करूच नये, हा समज अनेक वर्षे रूढ होता. तसे कक्ष मोजक्याच ठिकाणी असतात, त्यामुळे "सोय नाही" हे कारण पुढे करता येत असे. ब्रिटनमधील होपॉन या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोपचार झालेल्या जबड्यात दात काढणे वा इम्प्लांट बसवणे यानंतर सहा महिन्यांनी हाड कुजण्याचे प्रमाण प्राणवायू घेतलेल्यांत ६.४ टक्के आणि न घेतलेल्यांत ५.७ टक्के आढळले, म्हणजे फरक नाही. तेव्हा तेही कारण आता उरलेले नाही.

वैद्यकशास्त्राची बाजू ही अशी आहे. प्रशासन यात तीन ठिकाणी चुकते.

पहिली चूक शब्दाची. "सौंदर्यवर्धक" हा शब्द फाईलवर आला की पुढे कोणी वाचत नाही. वस्तुतः आरोग्य विम्यातून काय वगळायचे याचे प्रमाणित शब्द विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिले, त्यात सौंदर्योपचार व प्लास्टिक सर्जरी वगळताना तीन अपवाद स्पष्ट लिहिलेले आहेत: अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना. २०२० पासून सर्व कंपन्यांनी विकावयाची जी प्रमाणित "आरोग्य संजीवनी" पॉलिसी आली, तिच्यात आजारामुळे वा इजेमुळे आवश्यक ठरलेला दंतोपचार समाविष्ट आहे. म्हणजे कागदावर दार उघडे आहे. तरी दावा नाकारला जातो, कारण तपासणाऱ्याच्या मनात दात म्हणजे चैन हे समीकरण पक्के बसलेले असते. गुडघ्याचा सांधा बदलण्याला कोणी सौंदर्योपचार म्हणत नाही. आयुष्मान भारत योजनेतही तो बसतो, आणि २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादाही घातली. चालणे ही गरज आणि चावणे ही हौस, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

दुसरी चूक घड्याळाची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते, ही मोठी गोष्ट आहे. परंतु रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च ती १५ दिवसांपर्यंत धरते. आरोग्य संजीवनी पॉलिसी ६० दिवसांपर्यंत धरते. हाडाला हवेत किमान सहा महिने. डॉक्टर नियमाने थांबतात आणि रुग्ण नियमाने बाद होतो! पुन्हा, इम्प्लांट बसवण्यासाठी बहुधा रात्रभर दाखल व्हावे लागत नाही, आणि आपली सारी प्रतिपूर्ती दाखल होण्याच्या कल्पनेभोवती रचलेली आहे. शस्त्रक्रियेला दर आहे, किरणोपचाराला दर आहे, प्रत्येक कृती सुटी आहे. गाठ काढण्यापासून पहिला घास चावेपर्यंतचा रस्ता एकच आहे, अशी कल्पना या रचनेत कुठेही नाही. त्यामुळे "मूळ आजाराचा उपचार पूर्ण झालेला आहे" हे वाक्य लिहिणारा लिपिक खोटे बोलत नव्हता. त्याच्या रजिस्टरप्रमाणे उपचार खरोखरच पूर्ण झालेला होता.

तिसरी चूक वाटणीची. माणसाचे तोंड आपण दोन कायद्यांत वाटून टाकले आहे. डॉक्टरांचा कायदा वेगळा, दंतवैद्यांचा वेगळा. पूर्वी १९४८ चा होता, आता २०२३ चा राष्ट्रीय दंत आयोग कायदा आला. परिषदा वेगळ्या, महाविद्यालये वेगळी, अनुदाने वेगळी. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. पण कर्करोगाच्या किती रुग्णालयांत किरणोपचार सुरू करण्यापूर्वी दंतवैद्य रुग्णाचे तोंड तपासतो? जे दात वाचणार नाहीत ते किरणोपचाराच्या किमान दोन आठवडे आधी काढावेत, म्हणजे खड्डे भरतील, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनांची २०२४ ची मार्गदर्शक सूचना सांगते. यासाठी ना टायटॅनियम लागते, ना परदेशी यंत्र. एक खुर्ची, एक दंतवैद्य, एक क्ष-किरण चित्र आणि रोज लावायची फ्लोराइडची पेस्ट एवढेच लागते.

आमच्या वाहनचालकाच्या बाबतीत काय घडले ते इथेच सांगतो. त्या जेवणानंतर मी फाईल परत मागवली. रुग्णालयाकडून नवे प्रमाणपत्र घेतले, सविस्तर टिप्पणी स्वतः लिहिली आणि वरिष्ठ कार्यालयाकडे शिफारस पाठवली. तिकडून दोनदा आक्षेप आले, दोनदा उत्तरे गेली. मध्येच माझी बदली झाली. पुढे त्यांचा फोन आला. मंजुरी आली होती. पण मधल्या काळात उजवीकडची एक किडलेली दाढ फार दुखू लागली म्हणून ते घराजवळच्या दवाखान्यात गेले, आणि तिथे ती काढण्यात आली. शेक घेतल्याचे त्यांना कोणी विचारले नाही आणि सांगावे लागते हे त्यांना माहीत नव्हते. ती जखम भरली नाही. हाड उघडे पडले. आता आधी त्यावर उपचार करावे लागतील, इम्प्लांटचे पुढे पाहू, असे रुग्णालयाने सांगितले होते. "साहेब, आपण पुष्कळ केलेत," असे ते म्हणाले. मी काय केले होते ते मला ठाऊक होते. पहिल्याच वेळी मी फाईल वाचली असती तर त्या महिन्यांत ते रुग्णालयाच्या दंतविभागात जात-येत असते आणि ती दाढ गल्लीतल्या दवाखान्यात निघाली नसती.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप प्राधान्याचा. ज्या देशात किरणोपचाराच्या यंत्रासमोर रांगा आहेत, गावाकडचे रुग्ण मुंबईत परळच्या फूटपाथवर मुक्काम करून टाटा रुग्णालयात उपचार घेतात, तिथे इम्प्लांटची भाषा करावी का? माझे उत्तर असे की प्राधान्यक्रम जरूर लावावा, परंतु क्रम लावणे म्हणजे यादीतून नाव खोडणे नव्हे. शिवाय या मागणीतील पहिला भाग, म्हणजे किरणोपचारापूर्वीची दंततपासणी, इतका स्वस्त आहे की त्यासाठी प्राधान्याचा वादच उद्भवत नाही. कुजलेल्या जबड्यावर पुढे होणारा खर्च त्याने वाचतो.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. एकदा दंतरोपण मान्य केले की सगळेच बिले लावतील! ही भीती खरी आहे. वैद्यकीय बिलांत काय चालते ते मी पाहिलेले आहे. परंतु इथे पात्रता तपासणे विलक्षण सोपे आहे. जबडा काढल्याची नोंद, किरणोपचाराच्या मात्रेचा कागद आणि कर्करोगतज्ज्ञ व दंतवैद्य यांची संयुक्त शिफारस एवढे पुरे. गैरवापराच्या भीतीने पात्र माणसाला नाकारणे ही प्रशासनाची सर्वांत सोपी आणि सर्वांत आळशी युक्ती आहे.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तो खोल आहे. "तंबाखू त्यानेच खाल्ली ना?" हो, खाल्ली. पण प्रत्येक पुडीवर शासनाने कर घेतला. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू घालण्यास मनाई झाली, २०१२ पासून राज्यामागून राज्याने गुटख्यावर बंदी आणली, महाराष्ट्रातही ती त्याच वर्षी आली. आणि तरी पानाच्या टपरीवर मसाला व तंबाखू अशा दोन पुड्या शेजारी-शेजारी लटकतात, ग्राहकाने त्या हातावर एकत्र करायच्या. ज्या शासनाला हे रोखता आले नाही, त्याने रुग्णाला नीतिपाठ देऊ नये. हृदयविकाराच्या रुग्णाला स्टेंट बसवताना आपण त्याने किती विड्या ओढल्या ते विचारत नाही.

इतर देशांनी हा पेच कसा सोडवला? जर्मनीत सार्वजनिक विमा सर्वसाधारणपणे दंतरोपणाला पैसे देत नाही. परंतु तेथील सामाजिक संहितेच्या पाचव्या भागातील २८ व्या कलमाखाली गंभीर अपवाद मान्य केले जातात, आणि त्या यादीत गाठीच्या शस्त्रक्रियेमुळे आलेला जबड्याचा मोठा दोष व गाठीच्या उपचारामुळे आलेला तोंडाचा कायमचा तीव्र कोरडेपणा यांचा समावेश आहे. नियम कडक आणि अपवाद नेमका! प्रशासकाला यापेक्षा आणखी काय हवे? ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने इम्प्लांट कोणाला द्यावेत यासाठी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने जे निकष घालून दिले, त्यांत डोके-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण अग्रक्रमाने येतात. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने तर १९६५ पासून दात वगळलेच होते. तिथेही २०२४ पासून डोके-मानेच्या कर्करोगाच्या उपचारापूर्वीची दंततपासणी व जंतुसंसर्ग दूर करणे यांचा खर्च दिला जातो. श्रीमंत देशांची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. अपवाद कसा लिहावा एवढे तरी शिकावे.

माझ्या सूचना पाच आहेत. यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

१) शासकीय वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या नियमांत आणि योजनांच्या मार्गदर्शक सूचनांत एक वाक्य घालावे: जबड्याच्या गाठीची शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांनंतर चावणे, गिळणे व बोलणे पूर्ववत करण्यासाठी आवश्यक असलेला दंतोपचार हा मूळ उपचाराचा भाग समजण्यात येईल.

२) या रुग्णांसाठी कालमर्यादा घरी सोडल्याच्या दिवसापासून मोजू नये. किरणोपचार संपल्यानंतर किमान तीन वर्षे हा हक्क जिवंत राहावा, आणि दाखल होण्याची अट लावू नये.

३) किरणोपचाराच्या पॅकेजचे पैसे देताना "किरणोपचारापूर्वी दंततपासणी केली" हा रकाना सक्तीचा करावा. रकाना रिकामा तर बिल परत. आपल्या व्यवस्थेला दुसरी कोणतीही भाषा इतकी चांगली समजत नाही.

४) प्रत्येक कर्करोग रुग्णालयाची सांगड जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाशी घालावी. २०१२ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने कर्करोगाच्या औषधांची एकत्रित खरेदी करून दाखवली आहे. इम्प्लांटही तशाच मार्गाने घेतले तर ते स्वस्त पडतील आणि बनावट माल टळेल.

५) किरणोपचार संपताना रुग्णाला एक कार्ड द्यावे. त्यावर मात्रा, दिनांक, बाजू आणि ठळक अक्षरांत "रुग्णालयाला विचारल्याशिवाय दात काढू नये" हे वाक्य, रुग्णाच्या भाषेत.

आपल्यापैकी पुष्कळजण घरापासून दूर, परप्रांतात वा परदेशात राहतात, आणि गावाकडच्या काका-मामांच्या आजारपणात फोनवरून सल्ला देणे हेच आपल्या हाती असते. अशा वाचकांना एवढेच सांगतो. नात्यात कोणाला तोंडाचा कर्करोग निघाला तर शेक सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याकडे दाखवले का, हे विचारा. शेक संपल्यावर मात्रेचा कागद जपून ठेवायला सांगा आणि पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर तो दाखवायला सांगा. विमा वा प्रतिपूर्तीचा अर्ज करताना प्रमाणपत्रावर "कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची पुनर्रचना" असे स्पष्ट शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसते "दंतरोपण" लिहिलेला कागद कोणत्या तरी टेबलावर माझ्यासारख्याच एखाद्या घाईतल्या माणसासमोर जाईल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. चावता न येणे त्यांत नाही. ज्याला पंगतीत बसता येत नाही, मुलाच्या लग्नात घास घेता येत नाही, त्याची नोंद करणारे रजिस्टर आपल्याकडे नाही. तोवर ती नोंद ठेवण्याचे काम फाईल हाताळणाऱ्यांवरच येते. माझ्या जागेवर आज जे अधिकारी बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे की, अशी फाईल समोर आली तर "सहमत" लिहिण्यापूर्वी अर्जदाराला एकदा समोर बोलावून घ्या, आणि आज काय जेवलात, एवढे विचारा.